दुचाकीवरील जादा ब्रेकदिवा : तंत्र, पुरावा आणि नियम

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने एका शासकीय तंत्रनिकेतनात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. मोटारसायकलच्या मागे नंबरप्लेटजवळ किंवा सीटखाली एलईडीचा एक जादा ब्रेकदिवा बसवायचा का, आणि बसवायचा तर कसा, एवढाच हा प्रश्न. परंतु भौतिकशास्त्र, मानवी वर्तन, सांख्यिकी आणि कायदा या चारही गोष्टी त्यात एकत्र येतात.

काही वर्षांपूर्वीचा माझाच अनुभव सांगतो. संध्याकाळी घरी परतताना एका सिग्नलवर मागचा दूधवाला शेजारी येऊन थांबला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा ब्रेकलाइट लागत नाही. दोनदा अंगावर येता येता वाचलो." बल्ब केव्हा गेला होता, याची मला कल्पनाही नव्हती. ब्रेकदिव्याचे वैशिष्ट्य हेच आहे. तो ज्याच्या गाडीवर असतो, त्याला तो दिसत नाही. तो सर्वस्वी मागून येणाऱ्यासाठी असतो.

प्रश्नाचे स्वरूप

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. टकरीच्या प्रकारांनुसार पाहिले, तर मागून धडक बसून झालेले अपघात एकूण अपघातांच्या सुमारे एक-पंचमांश होते. मोटारीला मागून धडक बसली, तर पत्र्याचा सांगाडा आघाताचा बराच भाग सोसतो. दुचाकीस्वाराच्या पाठीशी मात्र काहीही नसते.

पुढून दिसण्याच्या बाबतीत शासनाने पाऊल उचलले आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांमध्ये १२५ घन सेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील दुचाकींना एकत्रित ब्रेक प्रणाली आवश्यक झाली. ब्रेक अधिक प्रभावी झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र पुढचे वाहन जितके लवकर थांबते, तितकी मागच्याला सूचना लवकर मिळणे अगत्याचे ठरते.

तंत्राची बाजू

पारंपरिक ब्रेकदिव्यात साधारणतः २१ वॅटचा तंतूचा बल्ब असतो. तंतू तापून पूर्ण प्रकाश देण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात. एलईडीमध्ये काहीही तापावे लागत नाही. अर्धवाहकातून विद्युतप्रवाह जाताच प्रकाश बाहेर पडतो आणि हा विलंब नगण्य असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ०.२ सेकंदात सुमारे ३.३ मीटर पुढे जाते, म्हणजे दीड मोटारसायकलीच्या लांबीहून अधिक. धडक आणि सुटका यांत पुष्कळदा एवढेच अंतर असते.

दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार केला. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेत या दोहोंची गल्लत होते, म्हणून हा उल्लेख.

दुसरा मुद्दा दृष्टीचा आहे. मोटारीला मागे दोन दिवे असतात. जवळ जाऊ लागताच त्यांमधील अंतर डोळ्यांना वाढताना दिसते आणि त्यावरून आपण नकळत अंदाज बांधतो. एकाच दिव्याच्या दुचाकीकडून अंधारात असा अंदाज मिळत नाही. शिवाय अनेक दुचाकींत मागचा नेहमीचा दिवा आणि ब्रेकदिवा एकाच काचेमागे असतात. ब्रेक दाबला हे फक्त लाल रंग अधिक तेजस्वी झाल्यावरून ओळखायचे असते. नेहमीच्या दिव्यापासून वेगळ्या जागी, केवळ ब्रेकबरोबर लागणारा दुसरा दिवा हा संदेश स्पष्ट करतो. मुख्य बल्ब गेलाच, तर पर्यायी संकेतही शिल्लक राहतो.

पुरावा काय सांगतो?

येथे अमेरिकेतील अनुभव पाहणे उद्बोधक ठरेल. १९७० च्या दशकात जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोमधील ३४३ टॅक्सींना तिसरा ब्रेकदिवा बसवला आणि १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनंतर जादा दिव्याच्या टॅक्सींना मागून बसलेल्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी आढळल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलांपासून तेथील प्रवासी मोटारींना मध्यभागी उंचावर तिसरा ब्रेकदिवा बंधनकारक झाला. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये दीर्घकालीन परिणाम तपासला, तेव्हा मागून होणाऱ्या धडकांतील घट ४.३ टक्के भरली.

साठ टक्के कोठे आणि सव्वाचार टक्के कोठे? नवी वस्तू प्रथम लक्ष वेधते. ती सर्वत्र दिसू लागली की डोळे सरावतात. म्हणून उपाय निरुपयोगी ठरत नाही. दिवा स्वस्त असल्याने एवढ्या घटीतही त्याचा खर्च भरून निघतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. तथापि, प्राथमिक प्रयोगातील यश आणि सार्वत्रिक अंमलबजावणीनंतरचा परिणाम यांतील हा फरक प्रत्येक भावी प्रशासकाने ध्यानात ठेवावा. कोणतीही योजना मोजावयाची ती दुसऱ्या टप्प्यावर.

नियमांची चौकट

यंत्रचलित वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत (नोंद ३५) आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क नुसार अननुज्ञेय बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ चे मूळ तत्त्व असे, की वाहनाने पुढे लाल दिवा दाखवू नये आणि काही अपवाद वगळता मागे लालखेरीज अन्य दिवा दाखवू नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांवरील दिव्यांच्या मांडणीसाठी एआयएस-००९ हे मानक आहे.

या तरतुदी जाचक वाटू शकतात. परंतु रस्त्यावरील दिवे ही एक सामाईक भाषा आहे आणि भाषेत प्रत्येकाने आपापला शब्दकोश वापरून चालत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने हौसेने मागे लाल एलईडीची पट्टी लावली आणि तिची वायर नेहमीच्या दिव्याला जोडली. पट्टी सतत झगमगत राही आणि ब्रेक दाबल्यावर होणारा बदल तिच्या प्रकाशात हरवून जाई. प्रकाश वाढला होता, संदेश पुसला गेला होता. हीच गोष्ट सतत लुकलुकणाऱ्या आणि निळ्या-हिरव्या दिव्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत तातडीच्या ब्रेकसाठी लुकलुकता संकेत मान्य आहे, पण तो वाहन ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगात असताना जोराचा ब्रेक लागला तरच.

काय करावे?

जादा दिवा बसवायचाच असेल, तर प्रथम परिवहन कार्यालयात किंवा उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात चौकशी करावी. दिवा लाल, स्थिर आणि मानकानुसार प्रमाणित असावा. तो ब्रेकच्या स्विचवरून येणाऱ्या वायरीलाच समांतर जोडावा. हाताच्या आणि पायाच्या, अशा दोन्ही ब्रेकवर तो लागतो का, हे पाहावे. वायर सोलून नुसती टेप गुंडाळू नये. पावसाळ्यात तेथेच शॉर्ट सर्किट होते. योग्य कनेक्टर आणि फ्यूज वापरावा.

या दिव्याची मर्यादाही ओळखावी. घाट उतरताना आपण गिअर खाली घेऊन इंजिनाच्या साहाय्याने वेग कमी करतो. तेव्हा ब्रेकला हात लागत नाही, त्यामुळे एकही ब्रेकदिवा लागत नाही. अशा वेळी ब्रेकचा दांडा हलकेच दाबून मागच्यास सूचना द्यावी. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात हिवाळ्यातील दाट धुक्यात कोणताही दिवा पुरेशा अंतराची जागा घेऊ शकत नाही.

शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य ३.६ रस्ते अपघातांतील मृत्यू आणि जखमींची संख्या निम्म्यावर आणण्याविषयी आहे. सभागृहाबाहेर तुमच्या दुचाकी उभ्या आहेत. निघण्यापूर्वी एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. ज्याचा दिवा लागणार नाही, त्याने तो आजच दुरुस्त करून घ्यावा. जादा दिव्याचा विचार त्यानंतर करता येईल.