गावच्या कातळाचे दप्तर



भूगोल व भूविज्ञान शिकविणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मजकडे देऊन आपण जो गौरव केला, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानून मी लगेच विषयाकडे वळतो. कारण अध्यक्षीय भाषणाचा पूर्वार्ध विनय प्रकट करण्यात खर्ची पडतो आणि उत्तरार्धात श्रोत्यांचे चित्त भोजनाच्या घंटेकडे लागलेले असते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. मला आज सांगावयाचे आहे ते असे की, ज्या प्रांताच्या सुमारे चार-पंचमांश भूमीखाली एकच अग्निजन्य काळा पाषाण पसरलेला आहे, आणि तो डोंगरात, ओढ्यात, घाटरस्त्याच्या कापात व विहिरीच्या पोटात जागोजाग उघडा पडलेला आहे, त्या प्रांतातील विद्यार्थ्याने खडकांचे प्रकार फळ्यावरून पाठ करावे व वर्षातून एकदा मोटारीत बसून एखाद्या दूरच्या नामांकित स्थळी जाऊन यावे, ही आपल्या अध्यापनातील विसंगती असून ती दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

ज्वालामुखीचे चित्र काढावयास सांगितले की आपला विद्यार्थी शेंड्यातून धूर ओकणारा शंकू काढतो, आणि कळसूबाई अथवा तोरणा पाहिला की हा विझलेला ज्वालामुखी असावा अशी त्याची खात्री पटते. वस्तुतः सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचास पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, तो सपाट पसरत गेला, थिजला, त्यावर पुन्हा नवा रस आला. आणि असे थरावर थर साचून जे पठार तयार झाले त्याचा अवशेष आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. 1,646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर उभे राहिले ते भोवतालचा पाषाण पावसाने व नद्यांनी कापून नेल्यामुळे. त्या शिखरातून लाव्हा कधी वर उसळला नाही. हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते आणि परीक्षेत उतरतेही. परंतु दरीच्या दोन्ही अंगांस असलेल्या दोन डोंगरांवर तोच कडा त्याच उंचीवर पुढे चाललेला विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून, मधला भाग कोठे गेला हा प्रश्न त्याच्या मनात उत्पन्न होत नाही. आणि प्रश्न उत्पन्न होण्यापूर्वी दिलेले उत्तर वहीत राहते, बुद्धीत उतरत नाही.

पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरास चढणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा, निदान चाकाखालचा, असेल. या एका घाटाइतके उत्तम पाठ्यपुस्तक मला ठाऊक नाही. दख्खनच्या लाव्हाथरांची भूवैज्ञानिकांनी जी उतरंड लाविली आहे, तीत खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशी नावे येतात, आणि परदेशच्या ज्ञानपत्रिकांतूनही ती याच नावांनी छापली जातात. यांपैकी शेवटचे तीन शैलसमूह हा घाट चढताना ओलांडावे लागतात. रस्त्याच्या कापाशी उभे राहून कोणताही एक थर तळापासून माथ्यापर्यंत न्याहाळावा. त्याचा मधला भाग घट्ट व भेगाळलेला, माथा मात्र लाव्ह्यातून निसटू पाहणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. त्या छिद्रांत मागाहून झिरपलेल्या पाण्याने स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवट स्फटिक घडविलेले. आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या दरम्यान विटकरी मातीचा एक पट्टा. हा तांबडा पट्टा दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात खडक कुजून झालेली प्राचीन माती होय, असे सामान्यतः मानतात, आणि काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली असावी, असेही काहींचे मत आहे. अशा पट्ट्याच्या वरच्या अंगाने पावसाळ्यानंतरही पाणी पाझरताना दिसते, कारण वरच्या भेगांतून उतरलेले पाणी या चिकट मातीशी अडते. डोंगरातले झरे आणि किल्ल्यांवरील टाकी यांचा शोध घेताना आपल्या पूर्वजांनी हे नाते नेमके हेरले होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

घाट चढून माथ्यावर आलो की काळा पाषाण संपतो आणि जांभा लागतो. अतिवृष्टीने सिलिका धुऊन नेल्यावर मागे उरलेल्या लोह व ॲल्युमिनियम यांचा हा तांबडा, चाळणीसारखा दगड. तोच जांभा कोकणातील सड्यांवर समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या पातळीवरही भेटतो. या दोहोंचा काळ एकच की निरनिराळा, हा वाद वर्गात आणण्याजोगा आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजांनी तत्कालीन पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा टिपून ठेविली; तीवरून सह्याद्रीतील बहुतेक थर चुंबकत्व आजच्या उलट असताना साचले व महाबळेश्वराच्या वरच्या थरांपाशी ते पालटले, असे सिद्ध झाले आहे. यासाठी लागणारी उपकरणे शाळेजवळ नसतात, हे मी जाणतो. पण होकायंत्र कातळाच्या अगदी जवळ नेल्यास सुई ढळते, एवढे तरी मुलांस अनेकदा दाखविता येते.

आपल्या प्रांतात ही विद्या रुजली ती अशाच पायपिटीने. नागपुरात शाळा चालविणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या सुमारास शहरालगतच्या टाकळी येथे लाव्हाथरांच्या मध्ये सापडलेले गोड्या पाण्यातील शंख व वनस्पतींचे अवशेष जमा केले, आणि दोन उद्रेकांमध्ये येथे सरोवरे नांदत होती हे त्यावरून उघड झाले. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशाच थरात बेडकांचे सांगाडे मिळाले व 1847 मध्ये इंग्लंडात रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटाजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. शाळामास्तराच्या फावल्या वेळातून काय निर्माण होऊ शकते, याचा याहून बोलका दाखला दप्तरी सापडणे कठीण.

वाद वर्गात आणावा असे मी म्हणालो; त्याचे माझे आवडते स्थळ जुन्नर तालुक्यातील बोरी हे होय. तेथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात एक फिकट राखेचा थर आहे, आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ती राख सह्याद्रीची नव्हे; ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली. मात्र ती सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कित्येक लाख वर्षांनी जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालत आला आहे, आणि त्या उत्तरावर हत्यारांचे वय अवलंबून आहे. राखेची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे काचेचे टोकदार तुकडे दिसतात. ज्या प्रश्नाचे उत्तर गुरुजींसही ठाऊक नाही असा प्रश्न समोर असताना मुलांच्या चर्चेस जो रंग चढतो, तो नामांकित स्थळावरील मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या व्याख्यानाने चढत नाही. त्याच कुकडीवर पुढे निघोजचे रांजणखळगे आहेत; मुले तेथे छायाचित्रे काढण्यात रमतात, ती रमोत, परंतु खळग्याच्या तळाशी पडलेले गोटे हातात घेऊन, भोवऱ्यात फिरणाऱ्या या गोट्यांनीच कातळ कोरला, हे एकाने तरी ओळखावे.

आता अडचणींविषयी. पालकांची संमतिपत्रे, वाहनाचा परवाना, वरिष्ठ कचेरीचा हुकूम, खर्चाची तरतूद आणि परतल्यावर हिशेबाची रुजवात, या साऱ्यांतून पार पडेपर्यंत उन्हाळा लागतो, ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु ज्या सहलीस यांपैकी फारसे काही लागत नाही, ती आपण काढीत नाही. शाळेपासून अर्ध्या मैलावर विहीर असते. तिच्या बांधीव भागाखाली माती, मुरूम, मांजऱ्या नावाचा खडक आणि काळा कातळ हा क्रम उघडा दिसतो, आणि ज्याने ती खणली तो वडार अथवा त्याचा मुलगा बहुधा गावातच असतो. कोणत्या थरात सुरुंग लागला, कोठे पहार चालली, पाण्याची झिर प्रथम कोणत्या बाजूने फुटली, हे तो सांगेल, आणि ते पदवीधर अध्यापकाने खाली बसून लिहून घ्यावे. मुलांनी कठड्याशी सांभाळून उभे राहावे. आत कोणी उतरू नये. मोजणी दोरीला वजन बांधून करावी. हातोडा खाणीत चालवावा, लेण्यांत, किल्ल्यांवर वा अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीच्या स्तंभांवर त्याचा प्रहार होऊ नये. त्या स्थळांचा एक तुकडा घरी आणणे हा मी चोरीचाच प्रकार समजतो, मग तो विज्ञानाच्या नावाने का केलेला असेना.

भूजलाची टंचाई वाढत असताना विहिरींच्या अशा नोंदींचा उपयोग केवळ शैक्षणिक राहणार नाही. एका पानावर विहिरीचे स्थान, प्रत्येक थराची खोली, वैशाखातील व आश्विनातील पाण्याची पातळी, प्रत्येक थराचा चिठ्ठी लावलेला नमुना आणि मोजणाऱ्या मुलांची नावे, एवढे असले की पुरे; हे कागद शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवावे आणि पुढील तुकडीने मागील तुकडीची मोजणी तपासावी. ठराव संमत करण्याचा या परिषदेस अधिकार आहेच, आणि तो ती बजावील. तथापि ठरावाची वाट न पाहता, पुढील अधिवेशनास येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या एका विहिरीचा असा कागद बरोबर आणावा, अशी माझी आपणां सर्वांस आग्रहाची विनंती आहे.