कांद्यावरचं शुल्क भरतं कोण?

चाळीत कांदा निवडायला बसलं की आम्हा बायकांच्या बोलण्यात तीन शब्द हमखास येतात : निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य आणि निर्यातबंदी. तिन्हींचा अर्थ आम्ही एकच लावतो, भाव पडला! ते खोटं नाही. पण तिघांची तऱ्हा वेगळी आहे, आणि ती कळली की माल काढायचा की ठेवायचा, या चर्चेत घरात आपणही बोलू शकतो.

शुल्क म्हणजे सरहद्दीवरचा कर. बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर लागतं ते आयात शुल्क. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं बाहेर जाणाऱ्या कांद्यावर ४० टक्के शुल्क लावलं. शंभर रुपयांच्या मालावर चाळीस रुपये. ते बंदरावर निर्यातदार भरतो; मग आपलं काय गेलं? सांगतो. दुबईतलं गिऱ्हाईक हे चाळीस रुपये सहसा सोसत नाही, त्याच्यापुढे पाकिस्तानचा कांदाही असतो. म्हणून निर्यातदार लासलगावच्या लिलावात बोलीच खाली आणतो. हमाली-तोलाई पावतीवर दिसते, हे शुल्क दिसत नाही. ते भावातच मुरलेलं असतं.

किमान निर्यात मूल्य हा कर नव्हे, ती अट आहे. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती टनाला ८०० डॉलर होती. म्हणजे किलोला साधारण ६६ रुपयांच्या खाली परदेशी विकायचंच नाही. सरकारच्या तिजोरीत यातून दमडी येत नाही, पण आपली गोल्टी कोण त्या भावानं नेणार?

आणि बंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली. काही देशांना सरकारच्या परवानगीनं थोडा माल गेला, बाकी दार बंद.

जगाच्या व्यापाराला नियम नाहीत का? आहेत. १९४७ च्या गॅट कराराचं ११ वं कलम सांगतं की शुल्क लावा, पण आयात-निर्यातीवर बंदी घालू नका. मात्र देशात अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते, अशी सूट त्यातच आहे. शहरातल्या बहिणीला कांदा परवडावा, हे आम्हालाही पटतं. पण त्या स्वस्ताईचा खर्च एकट्या कांदेवाल्यांच्या घरातून का जावा, याचं उत्तर त्या कलमात नाही.

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं.

पुन्हा असं काही लागू झालं, तर निवेदन कुणाला द्यायचं ते लिहून घ्या. शुल्क ठरवतं अर्थ मंत्रालय. किमान मूल्य आणि बंदीचे आदेश काढतं परकीय व्यापार महासंचालनालय, ते वाणिज्य मंत्रालयाखाली येतं.