द्रावणांतील लहान रेणु आणि डीएनएचा पीळ



पुण्याहून सोलापूरकडे जातांना यवतच्या अलीकडे कासुर्डी हें गांव लागतें. दौंड तालुक्याच्या या भागांत ऊंस पिकतो, आणि ऊंस म्हटला कीं युरिया आलाच. लिटरभर पाण्यांत वीस ग्रॅम युरिया विरघळवून पिकावर फवारण्याची चाल शेतकऱ्यांस परिचित आहे. हाच युरिया प्रयोगशाळेंत डीएनएचा पीळ सोडविण्यासाठीं वापरतात, असें सांगितलें तर कोणी विचारील, मग पिकाच्या पेशींतील डीएनएचें काय? प्रश्न रास्त आहे.

डीएनए म्हणजे एकमेकांभोंवतीं पीळ घातलेले दोन धागे, हें वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ मध्यें मांडलें. धाग्यांवरील घटकांपैकीं 'ए'ची 'टी'शीं व 'जी'ची 'सी'शीं जोडी जमते. पहिलीस दोन हायड्रोजन-बंध, दुसरीस तीन. परंतु पीळ टिकतो तो केवळ या बंधांवर नव्हे. हे चपटे घटक भाकरींच्या चवडीप्रमाणें एकावर एक बसतात, आणि मोठा आधार त्या चवडीचाच असतो. द्रावण तापवीत नेलें कीं विशिष्ट उष्णमानास पीळ सुटतो. डोळ्यांस तें दिसत नाहीं. २६० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांचें शोषण सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें, त्यावरून कळतें.

धागे सुटले म्हणजे घटकांचा पृष्ठभाग उघडा पडतो. युरियाचे रेणु त्यास सहज बिलगतात, म्हणून सुटलेली स्थिति अधिक सुकर होते. लिटरमागें ६० ग्रॅम युरियानें पीळ सुटण्याचें उष्णमान सुमारें सव्वादोन अंश सेंटिग्रेड उतरतें. आतां हिशेब करा: फवाऱ्यांतील वीस ग्रॅमांनीं तें एक अंशही उतरणार नाहीं! ४८० ग्रॅम घातला तरी अठराच अंश. म्हणूनच प्रयोगशाळेंत युरियाच्या जोडीस उष्णताही द्यावी लागते. शिवाय धागा तुटत नाहीं, नुसता उलगडतो. फॉर्मामाइड याहून जोरकस. शेंकडा ५० मिसळल्यास उष्णमान सुमारें तीस अंश उतरतें. त्यामुळें काचपट्टीवरील गुणसूत्रांत एखादा क्रम शोधतांना बेताच्या उष्णतेवर काम भागतें.

बीटाईनची तऱ्हा निराळी. बीटच्या रसांत प्रथम सांपडलेला हा रेणु दाट द्रावणांत जी-सी व ए-टी जोड्यांच्या स्थैर्यांतील भेदच जवळजवळ पुसून टाकतो. १९९३ मध्यें हें प्रसिद्ध झालें.

याचें महत्त्व क्षयाच्या तपासणींत दिसतें. त्या जंतूचा संपूर्ण क्रम १९९८ मध्यें वाचला गेला. त्यांत जी व सी मिळून ६५ टक्क्यांहून अधिक आहेत. थुंकींतील डीएनएच्या प्रती वाढवितांना असे धागे नीट सुटत नाहींत, किंवा सुटून स्वतःभोंवतींच दुमडतात. मग प्रती निघत नाहींत, आणि जंतु असूनही रोगी निरोगी ठरण्याचा धोका राहतो. अशा वेळीं थोडें बीटाईन अथवा शेंकडा पांच डायमिथिल सल्फॉक्साइड उपयोगी पडतें. मात्र हा दुसरा पदार्थ सढळ हातानें घालतां येत नाहीं. शेंकडा दहापर्यंत गेल्यास प्रती काढणारें विकरच निम्म्यावर मंदावतें, आणि धागे सुटूनही काम अडतें.