घासकागदाचे चाक



काल याच जागेवरून आपण उपनिषदांवरील विवेचन ऐकलेत. उद्या राज्यघटनेवर ऐकणार आहात. मध्येच मी उभा राहून घासकागदाच्या चाकावर बोलणार! चालकांना मी विषय सांगितला तेव्हा तेही क्षणभर गप्पच बसले. परंतु मी जन्मभर मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले. माणसाने, आपल्याला जे हाताने कळले आहे, त्यावरच बोलावे, असे मला वाटते. शिवाय पूर्वी कारखान्यातच दिसणारे विजेचे ड्रिल आज घरोघरी, मुलांच्या खेळण्याशेजारी ठेवलेले असते. तेव्हा हा विषय आता घरचाच झाला आहे.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या एक जुना पाळणा माळ्यावरून काढून घेऊन बसला. घरात बाळ येणार होते. पाळणा सागवानी, चार पिढ्यांचा. पण त्यावर रंगाचे थर चढलेले. वर पिवळा, खाली हिरवा, त्याच्याही खाली लाल. पुतण्याने बाजारातून एक चाक आणले होते. ते ड्रिलला लावून तो मला म्हणाला, "काका, हे बघा. तासाभरात लाकूड उघडे करून दाखवतो."

मी म्हटले, "अरे, थांब. आधी हे चाक काय आहे ते तरी पाहू."

आपणही ते पाहू. एखादे पुस्तक उघडून त्याची दोन्ही पुठ्ठे मागे एकमेकांना भिडवली, म्हणजे पाने चहूकडे पंख्यासारखी उभी राहतात. पाने घासकागदाची आहेत आणि पुस्तकाच्या पाठीच्या जागी एक पोलादी दांडी आहे, अशी कल्पना करा. झाले फ्लॅप व्हील! फक्त पाने कागदाची नसून कापडाची असतात, आणि त्यांवर कठीण खड्याचे कण डिंकासारख्या राळेने चिकटवलेले असतात. हे कण बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. दुसऱ्याची कथा गमतीची आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन हा गृहस्थ माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून कृत्रिम हिरा करू पाहत होता. हिरा झाला नाही, पण चमकदार, अतिकठीण स्फटिक हाती आले. त्यालाच त्याने कार्बोरंडम हे नाव दिले.

आता या चाकाचा गुण पाहा. आपल्या देवघरातली सहाण कठीण असते आणि चंदन झिजते. धार लावणाऱ्याचा दगडही कठीणच. तो वस्तूपुढे नमत नाही. हे चाक मात्र नमते. पान वस्तूवर आपटते, वाकते, घासून पुढे जाते आणि लगेच दुसरे येते. म्हणून पाळण्याच्या कातीव खांबावर, खिडकीच्या गजावर, नळीच्या आतल्या अंगाला, जिथे सपाट ठोकळ्याला गुंडाळलेला कागद पोचत नाही तिथे हे चाक पोचते. शिवाय पानाची कड झिजते तसे मागचे कापडही झिजते आणि नवे धारदार कण उघडे पडतात. स्वतः झिजत जाते म्हणूनच ते शेवटपर्यंत काम करते.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. जे नमते, ते सपाटी राखत नाही. फळी घासाल तर मऊ भाग खोल जाईल, कठीण भाग वर राहील आणि फळीला लाटा येतील. कोरीव कामाच्या कडा बोथट होतील. सपाट फळीला ठोकळा आणि कागदच बरा.

नवशिक्याची पहिली चूक असते ती जोर देण्याची. चाक दाबले की काम लवकर होईल, असे त्याला वाटते. वस्तुतः पानांची टोकेच टेकली पाहिजेत. जोर दिलात तर पाने आडवी पडतात, टोकांऐवजी पोट घासते, लाकूड जळून काळे पडते आणि पाने मुळापासून फाटतात. शिवाय ड्रिल हे यंत्र मुळात समोर, दांडीच्या रेषेत, दाब देण्यासाठी घडवलेले आहे. आडवा दाब त्याच्या बेअरिंगला सोसत नाही. काम वेगाने करायचे असते, जोराने नव्हे.

पण वेग किती? इथे थोडे गणित करू. ७५ मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या ड्रिलला लावले, तर त्याच्या कडेवरचा कण सेकंदाला सुमारे १२ मीटर धावतो. म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. गावातून जाणाऱ्या एस. टी.चा वेग म्हणा. आता मुठीत मावणारी ती छोटी यंत्रे, ज्यांना रोटरी टूल म्हणतात, ती घ्या. त्यांतली कित्येक मिनिटाला ३०,००० फेरे घेतात. तेच चाक कोणी अशा वेगावर फिरवले, तर कडेचा वेग ताशी ४२० किलोमीटरांच्या वर जाईल. आणि पाने उपटून बाहेर फेकणारा ताण दहापट नव्हे, शंभरपट होईल, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. असे चाक फुटले तर पुढ्यात उभ्या माणसाचे काय होईल, ते मी सांगायला नको.

उलट १० मिलिमीटरचे इवलेसे चाक त्याच ३०,००० फेऱ्यांवर सेकंदाला सोळाएक मीटरच धावते. म्हणून मोठे चाक सावकाश यंत्राला आणि लहान चाक वेगवान यंत्राला, असा हा हिशेब आहे. चांगल्या चाकावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. यंत्राचे फेरे त्याहून कमी हवेत. ज्या चाकावर आकडाच नाही, ते घेऊ नये. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही पाळावा.

क्रमांकाविषयी एकच सांगतो. आकडा मोठा तितका कण बारीक. ६० ने गंज किंवा ओबडधोबडपणा काढावा, मग १२०, मग २४०. मधली पायरी गाळली की आधीचे ओरखडे राहतात, आणि पॉलिश चढवल्यावर ते जास्तच उठून दिसतात.

वस्तू शेगड्यात आवळलेली असावी, हातात धरलेली नसावी. डोळ्यांना बाजूंनी झाकलेला चष्मा हवा. वाचायचा चष्मा उपयोगाचा नाही. पदर, ओढणी, सुटे केस, सैल बाही आणि सुती हातमोजेसुद्धा फिरत्या दांडीपासून दूर. मोजा हात वाचवत नाही, हाताला आत ओढतो. लोखंड घासताना ठिणग्या उडतात, तेव्हा जवळ लाकडाचा भुसा नसावा.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. तो समंजस मुलगा. म्हणाला, "काका, सगळे पाळतो. आता सुरू करू?"

मी म्हटले, "नाही. जे उडणार आहे ते काय आहे, हे तू अजून विचारले नाहीस."

मंडळी, आजच्या भाषणात मला खरे सांगायचे आहे ते हेच. हे चाक वस्तूचा पृष्ठभाग नाहीसा करत नाही. त्याची धूळ करून हवेत सोडते. खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसे त्या दगडाच्या बारीक धुळीने निकामी झाली. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि तो बरा होत नाही. लाकडाची धूळही निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली ती कर्करोगकारक ठरवली.

आणि जुना रंग? लोखंडाला पूर्वी शेंदराचे अस्तर देत. तो शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री कोणी द्यावी? शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही. लहान मूल ते मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषून घेते, आणि त्याचा घाला मेंदूवर पडतो. आता डोळ्यांसमोर आणा: पिवळा, हिरवा, लाल अशा थरांचा पाळणा, त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने फिरणारे चाक, ओसरीभर पसरलेली धूळ आणि आत बसलेली गरोदर सून. तोंडाला रुमाल बांधून हे टळत नाही. धूळ चादरीवर, भांड्यांवर, जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल बोटे तोंडात घालते.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चाक ड्रिलमधून सोडवले.

पाळणा आम्ही ओल्या फडक्याने पुसून, गुंडाळून माळ्यावर ठेवला. तुळईतल्या लोखंडी कड्या मात्र गंजल्या होत्या. त्यांना रंग कधी लागलाच नव्हता. त्या काढून अंगणात नेल्या, शेगड्यात आवळल्या, आणि त्याच चाकाने, चष्मा नि चांगला मुखपट्टा लावून, पुतण्याने त्या लखलखीत केल्या. आज त्या कड्यांना आजीच्या नऊवारीची झोळी टांगली आहे आणि बाळ तिच्यात सुखाने झोपते.

यंत्र हाती आले की हात शिवशिवतात. ते स्वाभाविकच आहे. पण खटका दाबण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. चाकाचे फेरे किती? यंत्राचे किती? आणि जे उडणार आहे, ते कोणाच्या श्वासात जाणार? पहिल्या दोहोंची उत्तरे चाकावर आणि यंत्रावर छापलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते.