औंधचे संग्रहालय आणि आपले कर्तव्य



आपली आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व विद्येचे चाहते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत संशोधनास त्यांनी १९१८ साली एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १९३८ साली औंधच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारून, आयुष्यभर जमविलेले कलाधन त्यांनी जनतेसाठी खुले केले. राजा रविवर्म्यांची चित्रे व हेन्री मूर यांचे शिल्प तेथे आजही पाहावयास मिळते.

राजाने जे स्वतःपुरते ठेवले नाही, ते आपण पेटीत कुलूपबंद का ठेवावे? घरोघरीची जुनी हस्तलिखिते कसरीच्या भक्ष्यस्थानी पडू नयेत. श्रुतपंचमीस आपण शास्त्रांची पूजा करतो. त्याच दिवशी त्यांची यादीही करावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र!