नाकाची शस्त्रक्रिया आणि डोंगरावरची हवा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी केदारनाथास निघालेल्या एका गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर, नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घेतला, म्हणजे वर दम लागणार नाही ना?"

केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश. श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शस्त्रक्रियेने नाकातली वाट मोकळी होते, पण विरळ हवा काही दाट होत नाही.

शिवाय फुप्फुसांकडे जाणारी हवा ऊबदार व ओलसर करणे हे नाकाचे काम. शस्त्रक्रियेनंतर आतले नाजूक अस्तर भरून येण्यास काही आठवडे लागतात. तेवढ्यात थंड, कोरडी हवा लागली की खपल्या धरतात, रक्तही येते. आणि डोंगरवाटेवर ते थांबविणारा जवळ असेलच असे नाही.

म्हणून जखम भरल्याची डॉक्टरांकडून खात्री करूनच निघावे. मिठाच्या पाण्याचे थेंब सोबत ठेवावेत. वाटेत मुक्काम करीत सावकाश चढावे. डोकेदुखी व धाप वाढू लागल्यास हट्ट न धरता खाली उतरावे. देव पुढल्या वर्षीही तेथेच आहे.