मिळकत विकण्यापूर्वी वारसांची नोंद

वडिलांच्या पश्चात त्यांच्या नावावर राहिलेले घर विकावयाचे ठरले म्हणजे बहुतेक मंडळी प्रथम गिऱ्हाइकाच्या शोधास लागतात. परंतु ज्या मिळकत पत्रिकेवर दिवंगत पित्याचेच नाव अद्याप कायम आहे, तिच्या आधारे निर्वेध खरेदीखत करून देणे दुरापास्त असते. म्हणून प्रारंभ वारसनोंदीपासून करावा आणि तीत विवाहित कन्यांची नावे अवश्य यावीत. कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ सालच्या दुरुस्तीने सहदायिकी मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला असून, त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. बहिणीस आपला हिस्सा भावाला द्यावयाचा असेल, तर तिने तो केवळ स्वेच्छेने द्यावा, भिडेखातर वा दडपणाखाली नव्हे, हे मला आग्रहपूर्वक सांगावेसे वाटते. आणि तसे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदविलेले असावे, साध्या कागदावरील संमती पुरत नाही.

सदनिकांविषयी एक गैरसमज दृढमूल आहे. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी जिचे नामनिर्देशन झाले, ती व्यक्ती तेवढ्याने मालक ठरत नाही. वारसांच्या वतीने ती विश्वस्तासारखी असते.

घरावर कर्ज असल्यास ते फेडून बँकेकडून मूळ दस्तऐवज व बेबाकीचा दाखला घ्यावा, आणि बोजा कमी झाल्याची नोंद दप्तरी उतरली आहे, याची खातरजमा इसारपावती करण्याआधीच करावी.